पोच्यासकट आलेली गाडी

तर बोनेट उघडलं आणि आतून कोंबडी बाहेर आली, इथपर्यंत काल आलं होतं. नुसती आली नाही, तणतणत आली. दुपारच्या झोपेतून उठवलेल्या माणसाने दार उघडावं तशी. कवळीकाकांच्या चपलेवर तिने एक चोच मारली, शेडला एक चक्कर घातली आणि परत जाऊन इंजिनावर बसली. आठ सिलिंडरचं इंजिन ते, पण गेल्या वीस वर्षांत त्याला जी काय ऊब मिळाली ती त्या कोंबडीचीच.

आजी शेडच्या दारात काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "ती तिथेच राहते. गाडी तुम्ही न्या, कोंबडी माझी. नंतर घोळ नको."

काल जे नव्हते त्यांना थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर ते कोंबडीतच अडकून बसतील. कवळीकाका म्हणजे कवळ्या बनवणारे काका. त्यांना खरं नावही आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर येतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, काका प्लास्टरचा साचा करायचे, त्यावर हिरड्या चढवायच्या, दात बसवायचे, घासायचे, चमकवायचे. छत्तीस वर्षं हेच. केसांत प्लास्टरची पूड एवढी बसलेली, की केस खरोखरच कधी पांढरे झाले ते घरात कुणाला कळलंच नाही. माणूस कमालीचा जपून वागणारा. दात केसभर उंच राहिला तर गिऱ्हाईक प्रत्येक घासाला आपल्याला शिव्या घालतं, हे ज्याला माहीत आहे तो घाई कशाला करेल? आणि खोटं बोलायचं नाही, हा दुसरा नेम. "तीन दिवस टोचेल," असं ते प्रत्येकाला तोंडावर सांगत, आणि कवळी बरोबर तीन दिवस टोचायची.

बंगल्यातल्या आजी त्यांच्या गिऱ्हाईक झाल्या त्या तीन कवळ्या नापास करून. तिन्ही दुसऱ्यांनी केलेल्या. पहिली म्हणे बोलताना टाळ्या वाजवायची. दुसरी न विचारता हसायची. तिसरी आजींनी बागेतल्या बुजगावण्याला बसवली होती, आणि तेव्हापासून पाखरंच काय, पोस्टमनसुद्धा फाटकातून आत यायला कचरत होता. चौथी काकांनी केली. आजींनी ती लावली, कडक बिस्किट घेतलं, डोळे मिटून पूर्ण खाल्लं, आणि बिस्किट संपल्यावर काठी उचलून म्हणाल्या, "चला, तुम्हाला दुसरं तोंड दाखवते."

ते तोंड म्हणजे शेडमधली गाडी. अमेरिकन. अठरा फूट लांब, मागे माशाच्या परांसारखे दोन पंख वर आलेले, आणि पुढे क्रोमची जाळी: वर बारा दात, खाली बारा दात, त्यातले सात पडलेले. काका बघतच राहिले. कारण अशी गाडी त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती. नऊ वर्षांचे असताना, गावच्या शाळेपाशी. इंजिन तापलं म्हणून गाडी विहिरीजवळ थांबली होती, आणि पाणी भरेपर्यंत ड्रायव्हरने रेडिएटरचं झाकण ह्या पोराच्या हातात दिलं होतं. दहा मिनिटं. झाकण गरम होतं, पण पोराने हू की चू केलं नाही. पुढे दोन दिवस त्याने तो हात धुतला नाही आणि तिसऱ्या दिवशी आईने धुतला तेव्हा रडून गोंधळ घातला. एकावन्न वर्षं माणूस ती गाडी शोधत होता असं नाही, पण रस्त्यावर मोठा हॉर्न वाजला की मान मात्र वळायची.

"किती द्यायचे?" काकांनी विचारलं.

"पैसे नकोत. अट आहे. आमचे हे ज्या दिवशी ही गाडी घेऊन ह्या फाटकातून आत आले, त्या दिवशी ती जशी होती, अगदी तशी करून दाखवायची. दोन वर्षं देते. जमली तर तुमची. नाही जमली तर परत शेडमध्ये, कोंबडीखाली."

कवळीच्या डबीवरच्या कार्डामागे त्यांनी हे सगळं काकांकडूनच लिहून घेतलं आणि वाचून दाखवायला लावलं. काकांनी वाचलं, सही केली. आता ह्या अटीत त्यांना काहीच खोच दिसली नाही. पहिल्या दिवशी जशी होती तशी, म्हणजे नवी कोरी. दुसरं काय असणार?

गाडी घरी आली आणि अंगणात मावली नाही. मागचे पंख फाटकाबाहेर राहू नयेत म्हणून पुढचं तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक फूट आत घ्यावं लागलं. काकू कांदा चिरताना मान वर करायच्या, तर समोर चोवीस दातांची जागा आणि दोन डोळे.

"अहो, ही बघते माझ्याकडे!"

"अगं, दिवे आहेत ते."

"दिवे असोत नाहीतर आणखी काही, मीठ टाकताना कुणी बघितलं की माझा हात चुकतो."

पण काकू तशा गुणाच्या. महिन्याभरात त्यांनी पंखांवर चादरी वाळत घालायला सुरुवात केली, आणि काकांचा चहा त्या खिडकीतून बोनेटवर ठेवू लागल्या. बोनेट इतकं लांब, की काका पलीकडून येऊन हात लांब करेपर्यंत चहा कोमट व्हायचा.

काकांनी गाडी दुरुस्त केली ती कवळीच्याच पद्धतीने. दुसरी कुठली त्यांना येत कुठे होती? जाळीचे पडलेले सात दात त्यांनी पितळेत ओतून घेतले, त्यावर क्रोम चढवून आणलं, आणि पॉलिशच्या मशीनवर एकेक चमकवला. एकदा एक गिऱ्हाईक आपली कवळी घ्यायला आलं, तर टेबलावर हातभर लांबीचा चकचकीत दात. त्या माणसाने टोपी घातली आणि तो थेट घरी गेला. कवळी पुढे मुलाला पाठवून नेली. रेडिओची बटणं फुटलेली होती. मूळची बटणं हस्तिदंती रंगाची. काकांनी दातांच्या रंगांची पट्टी काढली, साठीतल्या, चहा पिणाऱ्या पण विडी न ओढणाऱ्या माणसाला जो रंग देतात तो निवडला, आणि दातांच्या मसाल्याचीच बटणं ओतली. अशी जुळली की ओळखू येईनात.

आता मंडळ. जुन्या गाड्यांचं एक मंडळ होतं, दर रविवारी सकाळी काकांच्या अंगणात भरायचं. सात माणसं, पाच गाड्या, त्यातल्या चालणाऱ्या दीड. ही अर्धी गाडी मंडळाच्या अध्यक्षांची. ते गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांच्या गाडीचे पुढचे गिअर पडत नव्हते, फक्त मागे जायची. मास्तर तीन रविवार तशीच घेऊन आले. मान मागे वळवून, शांतपणे, हात दाखवत. लोक म्हणायचे, मास्तर आले की गेले तेच कळत नाही.

मास्तरांकडे कारखान्याचं जुनं पुस्तक होतं आणि त्यातलं त्यांना पान न पान पाठ. कुठला स्क्रू चपट्या डोक्याचा, कुठला गोल, रंगाचा थर किती, शिलाईचे टाके बोटाला किती. ह्या लोकांचं वेड वेगळंच असतं बरं का. गाडी चांगली व्हावी असं त्यांना वाटत नाही. गाडी *होती तशी* व्हावी असं वाटतं. कारखान्याने एखादी पट्टी वाकडी बसवली असेल तर हे लोक ती वाकडीच बसवणार, आणि वाकडी बसेपर्यंत चारदा काढणार. त्या पुस्तकात एक फोटो होता. गाडी कारखान्यातून सुटताना तपासनीस बोनेटच्या आतल्या बाजूला पिवळ्या खडूने फुली मारायचा. झालं! फुली हवी. काकांनी मारली. मास्तरांनी भिंग लावून बघितली.

"चूक. ही उजव्या हाताची आहे. फोटोतला माणूस डावखुरा."

काकांनी पंधरा दिवस डाव्या हाताने फुल्या मारायचा सराव केला. प्लास्टरच्या साच्यांवर, वर्तमानपत्रावर, दुधाच्या बिलावर. शेवटी बोनेटखाली अशी फुली उतरली की मास्तरांनी भिंग खाली ठेवलं आणि काकांशी हात मिळवला. दुसऱ्या दिवशी काकूंनी ओल्या फडक्याने ती पुसून टाकली.

"एवढी गाडी घासता आणि कुणीतरी खडूने केलेला घाण डाग तसाच! बघवेना मला."

काका पायरीवर बसले. अर्ध्या तासाने उठले आणि डाव्या हातात खडू घेतला.

आणि मग तो पोचा. गाडीच्या उजव्या अंगाला, मागच्या चाकाच्या थोडं पुढे, बशीएवढा पोचा होता. पातेलं आपटल्यावर पडतो ना, तसा खड्डा, आणि त्याच्या मधून एक लांबट ओरखडा. मंडळातले पत्रेवाले नावाजलेले. त्यांचा हात पत्र्यावर फिरायला लागला की पत्रा लाजतो, असं म्हणत. त्यांनी मागच्या बाजूने ठोकळा धरून पुढून लाकडी हातोडीने तीन आठवडे टकटक केली. पुट्टी भरली नाही, पट्टी लावली नाही, कसला लेप नाही. निव्वळ पत्रा, होता तसा परत जागेवर. मग त्यावर पिस्त्यासारखा हिरवा रंग चढला आणि काचेत दिसावा तसा शेजाऱ्यांचा सगळा वाडा त्यात दिसायला लागला. पत्रेवाले तेवढ्या भागापुढे खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याला विचारायचे, "सांगा, पोचा कुठे होता?" कुणालाच सांगता यायचं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

दोन वर्षं भरायला नऊ दिवस असताना आजी बघायला आल्या. भाड्याच्या गाडीतून उतरल्या, काठी टेकत अंगणात शिरल्या. सात माणसांचं मंडळ भिंतीला पाठ लावून उभं, जणू तपासणीला साहेब आलाय. काकूंनी त्या दिवशी चादरीसुद्धा पंखांवर घातल्या नव्हत्या.

आजींनी पुढून बघितलं. जाळीचे दात काठीने एकेक मोजले. चोवीस. आत बसल्या, गादी दाबून पाहिली, वास घेतला. रेडिओचं बटण फिरवलं. "हंऽऽ," म्हणाल्या. मास्तरांनी काकांना कोपर मारलं: पास! मग आजी उतरल्या, उजव्या अंगाने मागे गेल्या आणि मागच्या चाकापाशी थांबल्या. पत्र्यावरून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. अंधारात दिव्याचं बटण चाचपडावं तसा फिरवला.

"पोचा कुठाय?"

पत्रेवाले आनंदाने पुढे आले. "नाही ना सापडत? कुणालाच नाही सापडत, आजी!"

"सापडत नाही म्हणजे? काढलात?"

"मुळापासून!"

आजी वळल्या. काका म्हणतात, तशी नजर त्यांनी फक्त नापास कवळीकडे बघतानाच बघितली होती.

"कवळीवाले, कार्डावर काय लिहिलंय? फाटकातून आत आली तेव्हा जशी होती तशी. ती पोच्यासकट आत आली."

"पण आजी, नवी कोरी गाडी..."

"नवी कोरी होती ती कोपऱ्यावर. सगळी गल्ली बघायला उभी. ह्यांनी एक हात खिडकीबाहेर काढलेला, मिशीत हसतायत. मी शेजारी बसलेली. मी म्हणाले, हळू. ह्यांनी ऐकलं नाही. खांब लागला. त्यानंतर आत आली. म्हणजे पहिल्या दिवशी पोचा होता की नव्हता?"

मास्तर हळूच म्हणाले, "तर्काला धरून आहे."

"तुम्ही गप्प बसा हो!" काका म्हणाले. मास्तरांना असं बोलायची त्यांची पहिलीच वेळ.

"चव्वेचाळीस वर्षं संसार केला मी," आजी म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं, जन्मात त्यांची कधी चूक झाली नाही. रस्ता चुकले तर रस्ता चुकीचा. कढी उतू गेली तर पातेलं लहान. पण मी त्यांना फक्त गाडीकडे बोट दाखवायची. गप्प व्हायचे. पोचा काढायचा म्हणून चारदा माणूस बोलावला त्यांनी, चारही वेळा मी त्याला चहा पाजून परत पाठवला. तो माझा पुरावा होता. आणि तुम्ही तिघाचौघांनी मिळून तो ठोकून सपाट केलात!"

पत्रेवाले खुर्चीत बसले ते उठेचनात.

"नऊ दिवस आहेत," आजी म्हणाल्या. "पोचा आणा. नाहीतर शेड झाडून ठेवते."

आणि गेल्या.

मग मंडळाची सभा भरली. कुणी म्हणालं, म्हातारं माणूस, विसरेल. काका म्हणाले, "त्या? त्यांना तीन कवळ्या कोणत्या तारखेला नापास केल्या ते पाठ आहे." पत्रेवाल्यांनी आधीच हात वर केले. "मी करणार नाही. गळा दाबा माझा, पण हातोडी त्याच्यावर उगारणार नाही. लेकरू आहे ते माझं." मास्तर म्हणाले, मोजमाप असेल तर शास्त्रशुद्ध पोचा करता येईल. मोजमाप होतं. काकांनी सवयीने पोच्याचं प्लास्टरचं माप घेऊन ठेवलं होतं. हा माणूस शेजारच्याच्या नळाची गळतीसुद्धा बघायला गेला तर माप घेऊन येतो. त्या मापावरून काकांनी साचा केला, साच्यावरून प्लास्टरचा एक घडीव पोचा केला, ओरखड्यासकट, रंग देऊन, आणि पुठ्ठ्याच्या डब्यात कापूस घालून आजींकडे घेऊन गेले. असा ठसा पत्र्यावर दाबला तर हुबेहूब उठेल, असं समजावून सांगितलं.

आजींनी तो हातात घेतला. उलटसुलट बघितला. काम त्यांना आवडलं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. डबा परत काकांच्या हातात दिला.

"खोटे दात मला चालतात. खोटा पोचा चालणार नाही. हा कुणीतरी फार जपून केलाय. ह्यांनी जपलं असतं तर झालाच नसता. फाटक तिथेच आहे, खांब तिथेच आहे. गाडी घेऊन या."

काका घरी आले ते पांढरेफटक. दोन वर्षं ज्या पत्र्यावर माशी बसली तरी फुंकर घालून उठवली, तो पत्रा आपल्या हाताने दगडाच्या खांबावर नेऊन आपटायचा. नाही आपटला तर गाडी कोंबडीखाली. काकू म्हणाल्या, "द्या ना एक धक्का आणि मोकळे व्हा." काका म्हणाले, "अगं, तुला काय सांगू? सांगितलं तर हात तयार होतो. पाय तयार होत नाही."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मंडळ बंगल्यापाशी जमलं. गल्लीला बातमी लागलेली, त्यामुळे खिडक्या भरलेल्या. मास्तरांनी रस्त्यावर खडूने गाडी वळायची रेषा आखली होती, सुतळी लावून कोन मोजला होता. वेग किती हवा ते त्यांनी तळहातावर लिहून आणलं होतं. तेवढ्यात ते खांबाजवळ वाकले आणि ओरडले, "अरे, इकडे या! इकडे या!"

खांबाच्या कडेला, गुडघ्याच्या थोडं वर, दगडाचा टवका उडालेला होता, आणि त्या खोबणीत नखाएवढा हिरवा रंग. मूळचा. कारखान्याचा. मंडळाचं भानच हरपलं. सातही माणसं रस्त्यावर ओणवी. काकांनी खिशातून दातांच्या रंगांची पट्टी काढली, मग आठवलं की त्यात हिरवा नसतो, मग गाडीचं दार उघडून त्याची कड खांबाशी आणून लावली. "जुळतोय! तंतोतंत जुळतोय!" मिठ्या मारल्या. खुर्चीवर बसलेल्या आजी काठी आपटत म्हणाल्या, "रंग खेळायला आलात का?"

मग काका स्टिअरिंगच्या चाकामागे बसले. अमेरिकन गाडी, चाक डावीकडे. खांब येणार उजवीकडून. पत्रेवाल्यांनी गाडीकडे पाठ केली, कानांवर हात ठेवले आणि म्हणाले, "झालं की मला सांगा. नका सांगू. बघू."

पहिल्या फेरीला गाडी मास्तरांच्या रेषेवरून आली, डौलात वळली आणि खांबाला न लागता अलगद फाटकातून आत गेली. काय वळवली होती! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडून गेल्यावर लक्षात आलं.

"पुन्हा घ्या!" मास्तर म्हणाले.

पुन्हा घेतली. खांब आणि पत्रा ह्यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढं अंतर राहिलं आणि गाडी थांबली. "या, या, येऊ द्या, येऊ द्याऽऽ थांबा थांबा थांबा!" हे सगळं मंडळच ओरडलं. सवय! तिसऱ्या फेरीला कुणी ओरडायचं नाही असं ठरलं, तर काकांनी आपणहून ब्रेक दाबला. चौथ्याला पुन्हा आत. पाचव्याला खांबाला फक्त धूळ लागली आणि काकांनी उतरून खिशातल्या मऊ फडक्याने पत्रा पुसला. प्रत्येक फेरीनंतर ते अठरा फुटी धूड मागे घ्यायचं, म्हणजे अर्धी गल्ली रिकामी करायची. सहाव्या फेरीला एक गृहस्थ खिडकीतून म्हणाले, "ह्यांना गाडी ठोकता येत नाही, आणि माझ्या मुलाला न ठोकता चालवता येत नाही."

सातवी फेरी फुकट गेल्यावर काका चाकावर डोकं टेकून बसले. म्हणाले, "आजी, नाही जमत. छत्तीस वर्षांचा हात आहे. चुकायला लावला तरी चुकत नाही. शेड झाडून ठेवली असेल तर सांगा."

आजी उठल्या. काठी टेकत आल्या, उजव्या बाजूचं दार उघडलं आणि काकांच्या शेजारी बसल्या.

"त्या दिवशी मी इथे बसले होते. चला."

मागचं दार उघडून काकूही बसल्या. "दोन वर्षं ही गाडी माझ्या स्वयंपाकघरात होती. मला एकदा तरी बसू द्या."

गाडी कोपऱ्यावरून निघाली.

"हळू," आजी म्हणाल्या.

"हळूच आहे, आजी."

"हे हळू? तुमच्यात ह्याला हळू म्हणतात? उजवीकडे घ्या. इतकं नाही. आता डावीकडे. पायाने काय करताय ते मला दिसत नाहीये, पण जे करताय ते करू नका."

"अहो, आजी सांगतायत ते ऐका," मागून काकू.

"ऐकतोय ना!"

"ऐकत असता तर मान अशी केली असती का? खांब बघा. खांब! अहो, तो समोरचा नाही, हा माझ्याकडचा. हळू. तुम्हाला वळवता येतं ना नक्की? नाहीतर उतरा, मास्तरांना बोलावते."

"मास्तरांची गाडी मागे जाते, आजी!"

"मागे गेली तरी नीट जाते. हळू म्हणतेय मी. हळू. हळू हो! हळू!"

"अहो, हळू!" काकू.

"हळूऽऽ!" दोघी.

"अहो, मी हळूच चालवतोय!" असं म्हणून काकांनी दोघींकडे एकदम मान वळवली, आणि मान जिकडे गेली तिकडे हात गेला.

धाड्!

पाखरं उडाली. बुजगावणं पडलं. पत्रेवाल्यांचे कानांवर हात होते, तरी ते खाली बसले. इंजिन तेवढं धडधडत होतं.

आजी शांतपणे उतरल्या. खांबाला वळसा घालून मागच्या चाकापाशी गेल्या. तळहात ठेवला. बशीएवढा पोचा, मधून लांबट ओरखडा, आणि खांबाच्या जुन्या खोबणीत आता दुसरा हिरवा रंग. मास्तर भिंग घेऊन वाकले आणि पुटपुटले, "कोनसुद्धा तोच." आजींचा हात तिथेच होता. बराच वेळ होता. ओळखीच्या माणसाच्या गालावर ठेवावा तसा.

"हाच," त्या म्हणाल्या. आणि मग ताठ उभ्या राहिल्या, सगळ्या खिडक्यांकडे एकदा बघितलं, काठी काकांकडे रोखली. चव्वेचाळीस वर्षांचा दावा आज निकालाला आला होता, आणि साक्षीदार चाकामागे बसला होता.

"कवळीवाले, पोचा पास. पण गाडीचं नंतर बघू. आधी सगळ्यांसमोर सांगा. मी हळू म्हणत होते, ते तुम्ही आपल्या कानाने ऐकलंत. मग त्या दिवशी चूक कुणाची होती?"

मास्तरांनी डोळ्यांनी खुणा केल्या: त्यांची म्हणा, त्यांची म्हणा, गेलेल्या माणसाचं काय जातंय! काकूंनी मागून चिमटा काढला. खिडकीतले ते गृहस्थ अर्धे बाहेर आले होते. नुसतं "त्यांची" म्हणायचं, की गाडी घरी. पण काका खोटं बोलायचे नाहीत, आणि त्यातून आत्ता त्यांना आजींच्या त्या गेलेल्या यजमानांबद्दल, ज्यांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, सख्ख्या भावासारखं वाटत होतं.

त्यांनी जे उत्तर दिलं ते ऐकून आजी फाटकाच्या कट्ट्यावर बसून अशा हसल्या की काकूंना पाणी आणायला धावावं लागलं. हसता हसता त्यांनी कार्ड फाडून टाकलं आणि "अगदी हेच म्हणाले होते हो, अगदी हेच!" असं तीनदा म्हणाल्या. गाडी त्याच दिवशी पोच्यासकट घरी आली आणि आजही खिडकीत तोंड घालून उभी आहे. पण उत्तर असं सांगून भागत नाही, ते जसंच्या तसंच ऐकायला हवं. काकांनी चाकावरचे हात सोडले, घाम पुसला आणि म्हणाले:

"आजी, गाडी ठेवून घ्यायची असेल तर खुशाल ठेवून घ्या, पण शेजारी बसून कुणी एवढ्या वेळा 'हळू' म्हणायला लागलं ना, तर माणसाचं सोडा, तुमचा तो खांबसुद्धा बावचळून गाडीवर येऊन आदळेल!"